ज्याची शीव त्यानं सांगू नये

उजनी धरणाच्या पाण्याखाली एक सरहद्द आहे, ती कुठल्याही नकाशात नाही, तिच्यावर पहारा नाही, तरी ती जागची हललेली नाही, असं माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी लाल शाईनं ‘कल्पनाविलास’ असा शेरा मारला असता आणि मार्कही कापले असते. ती सरहद्द मी आता अनवाणी चालून आले आहे. शेरा मागे घेते.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात आयुष्यभर आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवलं. निवृत्तीनंतर गुहागरच्या बाजूला माहेरच्या वाडीत राहते, नारळ मोजते आणि शेजाऱ्यांशी भांडते. शिकवत होते तेव्हा दरवर्षी वर्गातून एक प्रश्न हमखास यायचा: सगळ्या देशांच्या वर कोणी फौजदार नाही, मग हे देश, या सीमा, ही संयुक्त राष्ट्रं टिकतात तरी कशी? ज्यांनी हे सगळं उभं केलं ते केव्हाच मेले. मी उत्तर द्यायचे, ताकद आणि सोय. बलवान देश ठरवतो आणि बाकीचे सोय बघून मान हलवतात. पोरं लिहून घ्यायची. मला मात्र ते उत्तर गळ्यात अडकल्यासारखं वाटायचं, कारण युद्धं झाली, साम्राज्यं बुडाली, ज्या साहेबांनी पट्टी धरून आफ्रिकेच्या नकाशावर रेघा मारल्या ते चंबूगबाळं आवरून घरी गेले, आणि रेघा बहुतेक तशाच राहिल्या. सोय म्हणावी तर त्या रेघा कोणाच्याच सोयीच्या नव्हत्या.

फेब्रुवारीत वंदनाचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. माहेर अंथुर्ण्याचं, सासर उजनीच्या फुगवट्याच्या काठी, पळसदेवच्या बाजूला. “मॅडम, औंदा पानी लई खाली गेलंय. तुमी ते शिकवायचा ना, वर कोन नसताना देश एकमेकांच्या हद्दी का पाळत्यात? ते बघायला या.” मला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. पण थट्टेसाठीसुद्धा बोलावणारे विद्यार्थी आता कितीसे उरलेत? पिशवीत घरचे नारळ भरले आणि निघाले.

बारामती

एसटीच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी केला नाही त्यांना सांगून पटणार नाही. सकाळी बारामतीच्या स्टँडवर वंदनाचा भाऊ जीप घेऊन आला. त्याला एमआयडीसीत कुणाला तरी पंपाचा सुटा भाग द्यायचा होता, म्हणून आधी तिकडे गेलो. पाळी बदलायची वेळ होती. रस्ताभर मोटारसायकली, प्रत्येकीला डबा लटकवलेला. दुधाच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर टँकरांची रांग लागली होती आणि समोरच्या टपरीवर चहा पिणारा एक ड्रायव्हर मला सांगत होता की हितली पावडर पार आखातात जाते. कुठल्या देशात, ते त्याला ठाऊक नव्हतं. “आमच्यासाठी गेट म्हंजेच बॉर्डर,” असं म्हणून तो हसला. मी वडापाव खाल्ला. आमच्याकडच्या वड्यात आलं असतं, इथं लसणाचा मारा. डोळ्यांत पाणी आलं आणि झोप उडाली.

अंथुर्णे

दुपारी अंथुर्ण्यात. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे मांडव, मध्ये कालव्याचं पाणी. कोकणातल्या माणसाला एवढी सपाट जमीन बघून जरा भोवळच येते. आमच्याकडे नजर कुठं ना कुठं डोंगराला टेकते.

वंदनाच्या भावाची द्राक्षं युरोपात जातात. मांडवाखाली वाकून तो मला सांगत होता, तोडणीआधी फवारणी कधी थांबवायची, मण्यांचा आकार केवढा हवा, औषधाचा अंश किती चालतो.

“हे कुणी ठरवलं?” मी विचारलं.

“त्यांनीच. युरोपवाल्यांनी.”

“ते काय तुमचं सरकार आहे? त्यांचं का ऐकायचं?”

तो हसला. “न्हाय ऐकलं तर द्राक्षं हितंच ऱ्हात्यात की, मॅडम.”

म्हणजे ताकद आणि सोय. माझंच उत्तर, मांडवाखाली, घडांसकट. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी होती. निघताना त्याच्या आईच्या हातात दोन नारळ ठेवले. कोकणातला माणूस रिकाम्या हातानं कुणाच्या घरात शिरत नाही. शिरला तर लोक त्याला कोकणातला समजत नाहीत.

फुगवट्याच्या काठी

वंदनाची वाडी कुठली आणि समोरची कुठली, ती नावं सांगत नाही, कारण दोन्हीकडे मला पुन्हा जेवायला जायचं आहे. धरण झालं तेव्हा दोन्ही वाड्या खालच्या अंगाला नदीकाठी होत्या. पाणी चढलं, माणसं वर सरकली. आता मध्ये पाण्याचा एक फाटा आहे. तो भरलेला असतो तेव्हा दोन्ही वाड्या होड्यांतून मासे धरतात. पाणी उतरलं की काळाकुळकुळीत गाळ उघडा पडतो आणि त्यात काकडी, कलिंगडं, जनावरांसाठी मका करतात. ना नांगरायची गरज, ना खताची. फक्त ओल असेतो लावायला हवं. ओल गेली की त्याच गाळाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

कागदावर ही सगळी जमीन पाटबंधारे खात्याची. पूर्वी कुणाचं शेत कुठं होतं, दोन गावांची शीव कुठून जात होती, याच्याशी खात्याला काही देणंघेणं नाही.

वंदना मला काठावर घेऊन गेली. चिंचेच्या सावलीत कलिंगडाच्या रोपांचे ट्रे ओळीनं मांडले होते. तिचा नवरा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरची उसाची शेती सासरे बघतात. हे कलिंगड मात्र तिनं स्वतः ठरवलेलं, तिच्या हातचं पहिलं पीक. रोपं ट्रेमध्ये उंच होऊन वाकायला लागली होती. समोर गाळाचा केवढा तरी पट्टा पसरलेला, ओला, चकाकणारा. त्यात एक माणूस नाही. या बाजूनं नाही आणि पलीकडूनही नाही.

“अगं, मग लाव की!” मी म्हटलं.

“अजून शीव सांगितली न्हाय.”

“कोणी?”

“त्यांनी.” तिनं पाण्यापलीकडच्या वाडीकडे बोट केलं.

“तुला लावायला अडवणार कोण आहे?”

“कोन न्हाय,” वंदना म्हणाली, आणि माझ्याकडं अशी बघून हसली की मी वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखी झाले.

बाकीचं तिच्या सासऱ्यांनी सांगितलं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. लुकडे, ताठ, पांढऱ्या मिशांचे, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता पाण्याकडं बघणारे. “बाई, आपली शीव आपून सांगायची न्हाय. आपून सांगितली तर ती निस्ती आपली इच्छा झाली. ती समोरच्यानं सांगायची. तो म्हनंल हितपत्तुर तुमचं, मग आपलं. आनि त्याची आपून सांगायची.”

“आणि त्यानं सांगितलीच नाही तर?”

“तर न्हायच,” तात्या म्हणाले. जसं काही पाऊस पडला नाही तर पडला नाही.

पद्धत अशी की पाणी उतरलं की एका वाडीतला जाणता माणूस दुसऱ्या वाडीतल्या जाणत्याच्या घरी नारळ घेऊन जातो. नारळ नेला म्हणजे, तुमचं गाव आम्हाला मान्य, चला, तुमची शीव दाखवतो. मग त्यांच्यातला माणूस तसाच नारळ घेऊन इकडं येतो आणि इकडची शीव सांगतो. पाळीपाळीनं, एका खेपेला यांनी आधी, पुढच्या खेपेला त्यांनी. या खेपेला पहिला नारळ पलीकडून यायचा होता. पलीकडचे जाणते म्हणजे आबा. ते दिवाळीनंतर वारले. त्यांचा मुलगा सुभाष बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता, वडील गेल्यावर आईसाठी वाडीत येऊन राहिला. आता नारळ त्यानं आणायचा, आणि तो येत नव्हता.

यंदा पाणी एवढं खाली गेलं होतं की धरणात बुडालेली जुनी विहीर उघडी पडली होती. तिच्याभोवतीचा गाळ सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत उशिरापर्यंत ओला. वंदनाचा डोळा त्याच तुकड्यावर होता. वाडीतले लोक म्हणत होते, सुभाषचा पण तिथंच डोळा आहे, म्हणून मुद्दाम येत नाही, शहरात राहून माजलाय. वंदना लग्न होऊन आल्यापासून ती विहीर एकदाही वर आलेली नव्हती, त्यामुळे शीव तिच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते तात्यांना, आणि ते बोलायचे नाहीत. स्वतःची शीव कशी सांगणार?

मी आयुष्यभर शिकवलं की एखादं राष्ट्र राष्ट्र ठरतं ते दुसऱ्यांनी त्याला मान्यता दिल्यावर. युरोपातले राजे तीस वर्षं एकमेकांचे गळे कापून दमले तेव्हा तहाला बसले. तुझ्या घरात तू, माझ्या घरात मी, असं एकमेकांना म्हणाले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं, असं पुस्तकं सांगतात. मी ते वाक्य इतक्यांदा म्हटलंय की त्याची चवच गेली होती. त्या काठावर, त्या मोकळ्या गाळाकडे बघताना अंगावर सर्रकन काटा आला. आमच्याकडे दगडांचा चांगला कंबरभर गडगा असूनही सख्खे भाऊ वीतभर जमिनीसाठी कोर्टात म्हातारे होतात. इथं रेघसुद्धा नाही, आणि दोन गावं हात बांधून उभी.

पलीकडची वाडी

दुसऱ्या दिवशी मी होडीतून पळसदेवचं जुनं देऊळ बघायला गेले. पाणी उतरलं की ते वर येतं. आधी शिखर दिसलं, मग खांब, मग होडी अगदी जवळ गेल्यावर दगडावर कोरलेल्या वेली आणि माणसं, शिंपल्यांनी भरलेली. मी हात लावला. दगड गार होता. एवढी वर्षं पाण्यात राहून देऊळ पुन्हा उन्हात येतं, थोडे दिवस राहतं आणि पुन्हा खाली जातं, आणि लोक येऊन नमस्कार करतात जसं काही मधे काहीच झालं नाही. मला बोलता येईना. मला बोलता येत नाही असे प्रसंग फार थोडे येतात, हे माझे शेजारी सांगतील.

दूरवर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, गुलाबी झाक असलेले, हजारो कोसांवरून आलेले. पक्ष्यांना पासपोर्ट लागत नाही हे वाक्य मी वर्गात फार वापरलं आहे, इथं वापरत नाही. होडीवाला म्हणाला, त्यांच्यातसुद्धा चरायच्या जागा ठरलेल्या असतात.

परतताना ऊन चढलं. होडीवाल्याला पलीकडच्या वाडीत जाळं द्यायचं होतं, म्हणून आम्ही तिथं लागलो. उतरताना माझी एक चप्पल गाळानं अशी काही गिळली की होडीवाल्यानं कोपरापर्यंत हात घातला तरी ती मिळाली नाही. एका पायात चप्पल घालून मी वर चढले आणि विचारलं, आबांचं घर कुठलं? घरात माणूस गेलेलं, आणि आपण दारावरून जायचं, हे मला बरं वाटेना. शिवाय मनात होतं की या सुभाषला जरा समजावून सांगावं. आंतरराष्ट्रीय मध्यस्थी हा विषय मी एक सबंध सत्र शिकवायचे.

सुभाष घरीच होता. चाळिशीचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला, अबोल माणूस. त्याच्या आईनं पाणी दिलं. मी पिशवीतून नारळ काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

सगळं घर थांबलं. सुभाष नारळाकडे बघत राहिला. त्याच्या आईनं डोक्यावर पदर घेतला, नारळ त्याच्या हातातून दोन्ही हातांनी घेतला, आत नेऊन हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं. किती संस्कृती आहे या माणसांत, असं मनात म्हणत मी त्यांच्या आग्रहाला मान दिला आणि जेवायला बसले. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या तिखटजाळ रश्श्यात चिलापी. गोड्या पाण्यातल्या माशाला मी मासा म्हणत नसे. आता म्हणते, पण घरी सांगत नाही. मध्यस्थी करायची राहिलीच. सुभाष हूं की चूं बोलला नाही आणि माझं तोंड भरलेलं होतं.

संध्याकाळी वंदनाच्या घरी मी हे सगळं रंगवून सांगायला लागले. नारळापाशी आले आणि तात्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

“नारळ? त्याच्या हातात?”

“देव्हाऱ्यात ठेवला त्यांनी,” मी कौतुकानं म्हटलं.

“मॅडम, काय केलंत हो!” वंदना मटकन खाली बसली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पद्धत मी आदल्या दिवशीच ऐकली होती, मान डोलावली होती, आणि ती फक्त त्यांना लागू आहे असं धरून चालले होते. पाळी त्यांची असताना या वाडीचा नारळ मी नेऊन दिला होता. त्यांची शीव आम्हाला मान्य झाली होती, आमची त्यांना अजून नव्हती. आता ते विहिरीपाशी खुशाल लावणी करतील आणि इकडं यायची त्यांना घाई उरणार नाही.

शेजारपाजारचे जमले. वाद पेटला. एक जण म्हणाला, पाहुणीचा नारळ गावाचा नारळ होत नाही, ती बोलली तर ते गावाचं बोलणं थोडंच? दुसरा म्हणाला, ज्याच्या घरी जेवते त्याच्या गावची ती. तिसऱ्याचं म्हणणं, देव्हाऱ्यात ठेवला नसता तर परत मागता आला असता. मी तोंडावर हात ठेवून ऐकत होते. वकील कुणाचा, त्याला अधिकार कुणी दिला, दिलेली मान्यता परत घेता येते का, याच्यावर माझ्या कपाटात जाडजूड ग्रंथ आहेत, आणि इथं तंबाखू मळत तोच खल चालला होता. पण मला तेव्हा गंमत वाटत नव्हती. अंगणात वंदना एकटीच रोपांवर पाणी शिंपत होती, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

तात्या उठताना एवढंच म्हणाले, “नारळ नारळच असतोय.”

गाळात

सकाळी मोटारसायकलचा आवाज आला. लांबच्या रस्त्यानं वळसा घालून सुभाष आला होता. पिशवीत नारळ होता, पण तो त्यानं बाहेर काढला नाही. तात्यांसमोर उभा राहिला.

“तात्या, आई म्हनली, नारळ घेतलाय तर जावंच लागंल. त्यांनी आपल्याला गाव म्हनलं. आता आपून त्यांना म्हनलं न्हाय, तर आपल्याला गाव म्हननारं गावच ऱ्हायलं न्हाय.”

मी चमकून वर बघितलं. हे वाक्य एवढं साधं आहे की ते कळायला मला एक जन्म का लागला, हे मला समजत नाही. मान्यता घेऊन गप्प बसता येत नाही. ज्याला तुम्ही मोजत नाही त्याच्या मान्यतेला किंमत काय? ती खरी ठरवायची तर आधी देणाऱ्याला खरं मानावं लागतं. बलवानसुद्धा यातून सुटत नाही. एकमेकांचे वैरी असलेले देश एकाच सभागृहात येऊन का बसतात, तिथं कितीही भांडले तरी खुर्ची सोडून का जात नाहीत, ते मला त्या अंगणात समजलं.

“मग सांग की शीव,” गर्दीतून कोणी तरी म्हणालं.

सुभाषची मान खाली गेली. “मला ठाऊक न्हाय.”

पिशवीतला नारळ त्यानं नुसताच चाचपला.

“आबांनी मला दाखवलीच न्हाय. मी कायम बारामतीला, शिफ्टमधी. विहीर वर आली तवा मी हितं नव्हतो. आबा म्हनायचे, दाखवतो, दाखवतो. ऱ्हाऊन गेलं. म्हनून मी येत नव्हतो, तात्या. आलो असतो तर काय सांगितलं असतं?” ज्याला सगळी वाडी माजोरी म्हणत होती तो माणूस लाजेनं घरात बसून होता.

वंदनानं माझा हात दाबला. ती कुजबुजली, “मॅडम, म्हंजे आता तात्यांशिवाय कुनालाच ठाऊक न्हाय.” तिच्या डोळ्यांत विहीर चमकत होती. मलाही तेच वाटलं, लपवत नाही. वाडीतली बाकीची म्हातारी माणसं गेलेली, दाखवणारे तात्या, आणि ऐकणाऱ्याला काही ठाऊक नाही. शीव चार हात पलीकडं सरकवली तरी कोण विचारणार?

तात्यांनी धोतराचा काचा खोचला. काल ते याच माणसाला ‘पोरगं’ म्हणत होते. आता म्हणाले, “चला सुभाषराव. नारळ आमचा आधी गेलाय. तुमची शीव आधी.”

सगळे खाली उतरलो. मी अनवाणीच. गाळ गार होता, बोटांमधून वर येत होता. तात्या पुढं, त्यांच्या मागं सुभाष, मग आम्ही. तात्या बुडालेल्या बाभळीच्या खुंटापाशी थांबले. “हितनं तिकडं तुमचं.” मग एका दगडापाशी, जो मला इतर दगडांसारखाच दिसला. “हितनं तिकडं तुमचं.” मग विहीर आली. कठडा ढासळलेला, भोवती काळा मऊ गाळ. शीव उजवीकडून जाणार की डावीकडून? तात्यांनी विहिरीकडं पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्या अलीकडून, आमच्या बाजूनं वळले, आणि तिला सबंध वळसा घालून पुढं गेले.

“विहीर तुमची, सुभाषराव. तिच्या भवतीचं पन तुमचं.”

वंदनाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मागं कोणी तरी हळूच शिवी दिली. तात्या पाण्यापर्यंत चालत गेले आणि थांबले.

मग सुभाषनं नारळ काढून त्यांच्या हातात दिला, आणि तोही त्याच रेघेवरून परत निघाला. विहिरीशी थांबला, खाली बघितलं, त्याच वळशावर पाय ठेवत म्हणाला, “हितनं इकडं तुमचं.” दगडाशी, “हितनं इकडं तुमचं.” खुंटाशी, “हितनं इकडं तुमचं.” एक बोटभर इकडं नाही, तिकडं नाही. एकच रेघ, दोन तोंडांनी सांगितलेली. मी हे दोन-तीन पावलं मागून बघत होते आणि माझे डोळे वाहत होते, उगाच नाही म्हणायचं कशाला? मी मोठमोठ्या तहांच्या प्रती वाचल्या आहेत, त्यांच्याखालच्या सह्या बघितल्या आहेत. सही म्हणजे काय असतं ते मी प्रथमच बघत होते.

वंदना मात्र रागावली होती. सगळे ऐकत असताना ती सासऱ्यांना म्हणाली, “तुमी पाच पावलं तिकडनं गेला असता तर कुनाला कळलं असतं?”

“त्याला न्हाय कळलं असतं,” तात्या म्हणाले. “मी खोटी दाखवली असती, तर त्यानं ती खोटीच मला परत सांगितली असती. मग मला खरी शीव कुनी दिली असती?” त्यांनी सुभाषकडं पाहिलं. “माजं वय झालं. मी गेल्यावर, सूनबाई, तुला कोन सांगनार? मी तर सांगू शकत न्हाय. आता त्याला ठाऊक झाली. आपली शीव आता त्याच्यापाशी हाय.”

वंदना तरातरा काठावर गेली आणि ट्रे घेऊन आली. राग तसाच होता. ट्रे तिनं जवळजवळ आपटलाच. मग विहिरीकडं पाठ करून ती आपल्या बाजूच्या पातळ गाळात, अगदी कडेला उकिडवी बसली, बोटानं खळगा केला, रोप हातात घेतलं. आणि थांबली. मला वाटलं ती तात्यांकडं बघेल. तिनं मान वळवून पलीकडं उभ्या असलेल्या सुभाषला विचारलं, “भावजी, हितं लावू का?”

“लावा वैनी,” तो म्हणाला. “तुमचंच हाय.”